फोटोची उजवी कड

पाय आबाचा होता, याबद्दल रिनाला क्षणभरही शंका आली नाही. शंका सगळ्या त्यानंतर आल्या. शुक्रवारची दुपार होती, साडेतीन वाजले होते. पंखा कटकट करत फिरत होता आणि समोरच्या पडद्यावर अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला एक फोटो हळूहळू उतरत होता. नंदुरबारच्या वनखात्याच्या कार्यालयात ती दोन वर्षं कंत्राटी ऑपरेटर म्हणून बसत होती. वनरक्षकांनी मोबाइलवर काढलेले फोटो ग्रुपवर यायचे, ते उतरवायचे, नंबर द्यायचा, आकार लहान करायचा आणि पोर्टलवर चढवायचे. वणव्याचे, रोपांचे, कुंपणाचे, तोडीचे असे फोटो तिने इतके पाहिले होते की जंगल म्हणजे आता तिला हाताच्या तळव्याएवढा एक हिरवा चौकोन वाटायचा. या फोटोत डाव्या बाजूला सागाचा बुंधा होता. नुकताच कापलेला, आतून ओला, मधासारख्या रंगाचा, आणि एवढा रुंद की त्यावर एखादं माणूस आडवं झोपलं असतं. बुंध्याच्या उजवीकडे ओंडके पडलेले, आणि अगदी कडेला, शेवटच्या ओंडक्यावर, एक पाय. गुडघ्याखाली पोटरी, धोतराची मळकी कड, अनवाणी पाऊल. डावं पाऊल. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नसलेलं. ठेकेदाराच्या तोडीवर मजुरीला असताना कुऱ्हाड निसटली आणि आबाची, तिच्या वडिलांची, ती दोन बोटं गेली, तेव्हा रिनाचा जन्मही झाला नव्हता. पण त्या पावलाचा ठसा तिला अंगणातल्या धुळीत, शेतातल्या चिखलात, नदीच्या वाळूत लहानपणापासून पाठ होता. फोटोखाली जागेचे आकडे छापून आले होते. तिने ते वाचले नाहीत. तिच्या गावचं वाघदेवाचं खोरं. तेवढा मोठा साग दुसरीकडे कुठे उरलाय?

"रिना, व्हयनं का वं अपलोड?" पलीकडच्या टेबलावरून रतिलालभाऊ हेडक्लार्क म्हणाले. "सायेब इचारी ऱ्हायनात. तुन्हं ध्यान कोठे शे?"

"करतेय भाऊ," ती म्हणाली, आणि तिचा हात माउसवर आपोआप चालायला लागला. फोटो कापायचं काम ती दिवसातून वीसदा करायची. कुणाचा अंगठा मध्ये आलेला, कुणाची गाडी, कुणाची सावली. तिने उजवी कड पकडली आणि आत ओढली. पाय गेला. पण आबाची सावली अलीकडच्या ओंडक्यावर लांब पडलेली होती, टोपीच्या टोकासकट, आणि सावलीही ओळखता येते असं तिला वाटलं. तिने कड आणखी आत ओढली. सावली गेली. मग उरलेला फोटो तिने चढवला, कॉम्प्युटरवरचा मूळ फोटो पुसला, आणि ग्रुपची ॲडमिन तीच असल्यामुळे ग्रुपवरूनही सगळ्यांसाठी काढून टाकला. एवढं व्हायला चार मिनिटंही लागली नाहीत. नंतर ती पाणी प्यायला उठली तेव्हा तिला दिसलं की आपल्या बोटांना कंप नाही, आणि या गोष्टीची तिला फोटोपेक्षा जास्त भीती वाटली. म्हणजे हे आपल्याला येतं. म्हणजे हे आपण आधी केलेलं आहे.

केलेलं होतंच. ती नऊ वर्षांची असताना, एका पहाटे, आबा दोन माणसांबरोबर खोऱ्याकडून आला होता आणि तिघांच्या खांद्यावर सागाची लांबलचक कांडी होती, घराच्या मधल्या खांबासाठी. ती चुलीशी बसली होती. आबा तिच्यासमोर उकिडवा बसला, त्याच्या अंगाला ओल्या लाकडाचा आंबूस वास येत होता, आणि तो म्हणाला होता, "कुणी विचारलं तर सांग, आबा घरीच होता." दुपारी खाकी कपड्यातला माणूस आला. याहा, म्हणजे तिची आई मोतीबाई, पाण्याला गेली होती. रिनाने त्या माणसाच्या डोळ्यात डोळे घालून सांगितलं, आबा घरीच होता, त्याला ताप होता. तापाची भर तिची स्वतःची. आबाने सांगितला नव्हता. नंतर गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, राखणीची समिती झाली, पाळ्या लागल्या, आणि आबा, रेवजी वसावे, ज्याने अर्धं आयुष्य दुसऱ्यांसाठी झाडं पाडली, तो हातात काठी घेऊन खोऱ्यात राखणीला जायला लागला. सभेत बोलायला लागला. आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आली की रिना त्याचं बोलणं ऐकायची आणि मनात म्हणायची, हा माणूस एवढ्या लवकर कसा बदलला? गावातल्या सगळ्यांनी विश्वास ठेवला. तिने कधीच पूर्ण ठेवला नाही, कारण त्या पहाटेचा वास तिच्याखेरीज कुणाच्या नाकात नव्हता. प्रेम होतं. आबा नंदुरबारला आला की ती त्याला स्टँडवर घ्यायला जायची, त्याच्यासाठी शेव-भजी घ्यायची. पण त्या प्रेमाच्या खाली कुठेतरी एक लहान मुलगी चुलीशी जागी बसलेली होती, कान देऊन.

शनिवार-रविवार तिने खोलीतून पाय बाहेर टाकला नाही. खोली शब्बीरचाचांच्या सुतारकामाच्या दुकानावर होती. खाली रंधा चालायचा आणि भुशाचा वास जिन्याने वर यायचा. दोन वर्षं या वासात ती शांत झोपत होती, आता तो वास तिला विचारल्यासारखा वाटायला लागला. हा साग कुठला? एवढा ताजा कसा? चाचांकडे सकाळी टेम्पो येतो तो कुठून? सोमवारी ऑफिसला निघताना तिने पाहिलं, दुकानाच्या दाराशी चार नव्या फळ्या उभ्या होत्या, मधाच्या रंगाच्या. ती थांबली. चाचा नंबराचा चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.

"चाचा, हे लाकूड कुठून आलं?" तिचा आवाज तिला वाटला त्याहून कडक निघाला.

शब्बीरचाचा आत गेले, गल्ल्याच्या कप्प्यातून घडी घातलेली पावती आणली, तिच्या हातात दिली. सरकारी लिलावाचा शिक्का होता, वाहतुकीचा पास जोडलेला होता. तिला ती वाचवेना. "ये देख ले बेटा, ठीक से देख," ते म्हणाले. मग थोडं थांबून, हसू न आणता, "पूछ लिया, अच्छा किया. दिल में रखती तो मैं रोज तेरे सामने से चोर बनके गुजरता, और मेरेको मालूम भी नहीं पडता." वरून नईमाचाची काहीतरी ओरडली, चहा झाल्याचं. रिना चहा न घेताच निघाली. रस्ताभर तिचे कान तापलेले होते.

त्याच दुपारी वनरक्षक भरतचा पंचनामा आला. तो टाइप करायला तिच्याकडेच आला. अज्ञात इसमांनी मशीनच्या करवतीने साग वृक्ष तोडल्याचे आढळून आले. 'मौके पर' हे खोडून 'जागेवर', सागाचे तीन नग मिळून आले. ते डेपोत जमा. तीन ओंडके. रिनाने पोर्टलवरचा फोटो उघडून पाहिला. फोटोतही तीनच होते. कागद आणि फोटो एकमेकांशी जुळत होते. सुटलो, असं तिला वाटलं. कोण सुटलं हे तिने स्वतःला विचारलं नाही. फक्त संध्याकाळी भांडी घासताना हात थांबला. मूळ फोटोत किती होते? तिला पाय आठवत होता, नखांमधली माती आठवत होती, धोतराच्या कडेचा सुटलेला दोरा आठवत होता. ओंडके आठवायला मात्र डोळे मिटून बसावं लागलं. पाय ज्याच्यावर होता तो एक. सावली ज्याच्यावर होती तो एक. आणि हे तीन. तिने नळ बंद केला. मग हे दोन गेले कुठे? उत्तर तिच्या मनाने लगेच दिलं, कारण ते तयारच होतं. आबाने ठेवले. भरतला हाताशी धरून ठेवले.

पुढच्या रविवारी ती गावी निघाली ते हे डोळ्यांनी बघायला. घरी कळवलं नाही. कळवलं असतं तर लपवायला वेळ मिळाला असता, असा तिचा हिशेब होता, आणि बसमध्ये बसल्यावर आपण आपल्याच घरावर धाड घालायला चाललोय हे तिच्या लक्षात आलं. होळी पंधरा दिवसांवर होती. खापरला होळीचा जादा बाजार भरलेला होता. डोंगरातले लोक गूळ, डाळ्या, घुंगरं घेत फिरत होते. तिने जीप धरली. पुढे ड्रायव्हरशेजारी एकजण फोनवर सागाच्या दाराचं काही बोलत होता, ती कान टवकारून ऐकत राहिली, तर तो बहिणीच्या घराला दार बसवायचं बोलत होता. घाटात गाडी लागली तशी दोन्ही बाजूंना पानगळ झालेले साग दिसायला लागले, करंगळीएवढे, मनगटाएवढे, पोटरीएवढे. सगळं नवं जंगल, एकदा पूर्ण कापून गेल्यावर पुन्हा फुटलेलं. जुनं असं या बाजूला वाघदेवाच्या खोऱ्यातच राहिलं होतं. देवाचं म्हणून राहिलं, असं गाव म्हणायचं. तिथे उतरायला गाडीची वाट नव्हती म्हणून राहिलं, असं रिनाला शिकल्यापासून वाटत आलं होतं.

याहा अंगणात कुळीथ झोडत होती. तिने लेकीकडे पाहिलं, हातातली काठी खाली ठेवली आणि म्हणाली, "आलीस? किती दिवस वाट पाहायची?" न कळवता आलेल्या मुलीला आई असं का म्हणेल? रिनाने पिशवी टेकवता टेकवता घराभोवती नजर फिरवली. पडवीच्या मागे, बैलांच्या गोठ्यात, कणग्यांच्या माचाखाली. मागच्या बाजूला सागाच्या पानांचा मोठा ढीग होता, तिने तो पायाने उकरला. खाली शेणी होत्या. याहा दारात उभी राहून पाहत होती. तिचं माहेर नर्मदेच्या काठचं, मणिबेलीचं. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हापासून ती फार बोलत नसे, आणि कागद घेऊन आलेल्या कुठल्याही माणसाकडे अशीच बघायची, काही न विचारता. "काय हरवलं?" तिने विचारलं. "काही नाही," रिना म्हणाली.

आबा आला तो जवळजवळ धावत. कुणीतरी सांगितलं असणार. तो वाळला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, आणि तरी तिला पाहून त्याचा चेहरा असा उजळला की तिच्या मनात पहिला विचार आला, माणूस घाबरला की असाच गोड होतो. "चल," तो म्हणाला, "आधी खोऱ्यात जाऊन येऊ. सगळे दुपारी जमतील. त्याआधी तू बघ." कशाला जमतील, हे तिने विचारलं नाही. तिला वाटलं, वाटेत कबूल करेल. तो नुसता काठी टेकत पुढे चालला होता आणि पाचोळ्यावर त्याचं डावं पाऊल उजव्यापेक्षा हलकं पडत होतं.

खोऱ्यात उतरलं की दिवसाही संध्याकाळ व्हायची, हे तिला माहीत होतं. लहानपणी बोरं वेचायला ती इथवर यायची आणि पुढे पाऊल टाकायची नाही. हलदू, कळंब, साग, एकेकाच्या बुंध्याला दोघांच्या मिठ्या पुरायच्या नाहीत, आणि वर कुठेतरी पानांच्या पलीकडे आभाळ आहे हे फक्त ऐकून माहीत. ओलसर, थंड, कुजक्या पानांचा जड वास. आज त्या काळोखाच्या मधोमध ऊन होतं. मोठ्ठा गोल उन्हाचा तुकडा, जमिनीवर सांडल्यासारखा, आणि त्या उन्हात नेचे करपून गेले होते, दगडांवरचं शेवाळ तपकिरी पडलं होतं. बुंध्याशी ती उभी राहिली. फोटोत तो हाताएवढा होता. इथे तो तिच्या कमरेपर्यंत होता आणि त्याच्या कडेने अजून पाणी झिरपत होतं. कुणीतरी त्याच्यावर शेंदूर लावून नारळ ठेवला होता. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ती आबाकडे बघत होती. तो कुठे बघतो ते बघत होती.

"त्या दिवशी खापरचा बाजार," आबा म्हणाला. "गाव रिकामं. मी टेकडीवर होतो. मशीनचा आवाज आला. एवढा मोठा आवाज, रिना, आणि पडताना तर जमीन हलली. मी ओरडत उतरलो. सहा-सातजण होते, तोंडाला रुमाल. मी एकटा. पण त्यांना वाटलं मागून गाव येतंय. पळाले. लाकूड कापून झालेलं, पाच नग. मी त्या शेवटच्यावर उभा राहिलो. भरतला फोन लावला. तो यायला तीन तास. तीन तास मी हललो नाही." त्याने काठीने जागा दाखवली, कडेची, उजवीकडची. तिथे आता नुसते ओढल्याचे चर होते. "भरत फोटो काढायला लागला. म्हणाला, काका, पाय काढा, पाय येतोय. मी म्हटलं, येऊ दे. चप्पल काढली आणि पाय ठेवला. बोटं दिसायला पाहिजेत ना."

"का?" रिना म्हणाली. तिला उत्तर नको होतं.

"फोटो तुझ्याकडे येतात ना? मला सही येत नाही. म्हटलं, पाय बघितला की तुला कळेल आबा तिथे उभा आहे, लाकूड राखत. तू नीट ठेवशील."

ती बुंध्यावर बसली. बसू नये, शेंदूर लावलाय, हे कळत असूनही. आबा पुढे सांगत होता. संध्याकाळी भरतने त्याला घरी पाठवलं, म्हणाला आता जबाबदारी माझी. सकाळी लाकूड डेपोत गेलं होतं. चार दिवसांनी कागद आला, त्यात तीन. करणसिंग, समितीचा अध्यक्ष, भरतकडे गेला, तर भरतने मोबाइलवर पोर्टल उघडून दाखवलं, बघा, सरकारी फोटो, तीनच आहेत. मग दोन कुठे गेले ते तुमच्या रेवजीला विचारा, तीन तास एकटाच होता तो. मूळ फोटो दाखव म्हटलं तर म्हणाला, फोन बिघडला, सगळं पुसलं गेलं. आता गाव बोलतं. उघड नाही, पण तो आला की बोलणं थांबतं. जुने लोक आठवण काढतात की हा आधी ठेकेदाराकडे होता. "मी सांगितलं सगळ्यांना," आबा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अजूनही तो उजेड होता, "ऑफिसात माझी मुलगी आहे. तिच्याकडे खरा फोटो असेल. ती आली की दाखवेल."

रिनाला तेव्हा सगळं एका दमात दिसलं. तिने कड आत ओढली होती, शुक्रवारी. पंचनामा सोमवारी लिहिला गेला, फोटो बघून. फोटोत दोन नग नाहीत हे ज्याच्या कुणाच्या लक्षात आलं, भरतच्या किंवा भरतच्या वरच्या कुणाच्या, त्याला दार उघडंच सापडलं होतं. चोरी दुसऱ्याने केली, पण दार तिने उघडलं. तिला आता आबावर नव्हे तर स्वतःच्या डोळ्यांवरच संशय यायला लागला. पाय त्यांना एवढा स्पष्ट दिसला आणि त्याच्या खालचं लाकूड का दिसलं नाही? तिने तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते, "चल, लोक जमले असतील."

समाजमंदिराच्या ओट्यावर तीसेक माणसं होती. करणसिंग मध्ये बसलेला, पन्नाशीचा, शांत माणूस, आबाचा लहानपणापासूनचा सोबती. "आण पोरी," तो म्हणाला, "दाखव." रिना उभी राहिली. आबा खाली बसून तिच्याकडे वर बघत होता. ती म्हणाली, "फोटो नाही. मी कापला. मी पुसला. पाच होते, मी बघितलेत. त्यातले दोन मी कापले."

मागून एक म्हातारी, नर्मदाबाई, म्हणाली, "बापासाठी पोरगी काहीही बोलेल." कुणीतरी हसलं, वाईट नाही, समजूतदारपणे. करणसिंग म्हणाला, "फोटो असता तर बरं झालं असतं. नुसतं तोंडाने म्हणजे... तू त्याची मुलगी. का कापशील तू?" ती म्हणाली, "चूक झाली." ते आणखी खोटं वाटलं. आबा उठला आणि काठी टेकत घराकडे गेला. तो चिडला नव्हता. त्याला कळलं नव्हतं. दोन दिवस तो तिला तेच विचारत राहिला, जेवताना, गुरं सोडताना: चुकून कसा कापला जातो फोटो? मशीन बिघडलं का? कुणी सांगितलं होतं का? तो तिच्यासाठी सबबी शोधत होता, आणि तिला एकही उचलता येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने नंदुरबारला जाऊन वरच्या कार्यालयात लेखी दिलं. देण्याआधी रतिलालभाऊंनी तो कागद दोनदा वाचला, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाई काय करी ऱ्हायनी वं तू? कंत्राट जाई तुन्हं. फाडी टाक." तिने फाडला नाही. कंत्राट आठवड्यात गेलं. पण चौकशी लागली, आणि बाहेरून एक मॅडम आल्या, तरुण, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खोऱ्यात जाऊन बुंध्याचा घेर मोजला, ओढल्याचे चर मोजले, डेपोतले तीन नग मोजले आणि झाड एवढं असेल तर लाकूड कमी आहे, असं तिथेच उभ्याने लिहून घेतलं. भरतला त्या भागातून हलवलं. ते दोन नग कुठल्या गिरणीत चिरले गेले ते मात्र सापडलं नाही, आणि सापडेल असं कुणी म्हटलंही नाही.

जबाबाला रिना आणि रेवजी दोघांना तालुक्याला बोलावलं होतं. खोलीत टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर वाघाचं कॅलेंडर. मॅडमनी विचारलं, "फोटो का कापला?" रिना शाळेच्या मराठीत बोलली. ही भाषा आबाला तुटक कळायची, सभेपुरती. ती भराभर, मोठाले शब्द घालून बोलली. छायाचित्रातील व्यक्ती माझे वडील असल्याचे ओळखून, त्यांचा सदर गुन्ह्यात सहभाग असावा असा माझा समज झाला, सबब मी... तिला वाटलं, या शब्दांआड लपता येईल. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "यावर साक्षीदार म्हणून त्यांचाही अंगठा लागेल. त्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवा. सगळं."

रिनाने कागद हातात घेतला. घरच्या बोलीत समज झाला असं काही नाही. सहभाग नाही, सदर नाही, सबब नाही. घरच्या बोलीत जे आहे ते फार थोडं आहे आणि सगळं उघडं आहे. ती म्हणाली, "आबा. फोटोत तुझा पाय दिसला. मला वाटलं, झाड तूच पाडलंस. चोर तू आहेस असं वाटलं. म्हणून मी पाय कापला." खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, ती लागत नव्हती. आबा तिच्याकडे बघत राहिला. इतके दिवस शोधत असलेली सबब त्याला मिळाली होती. "परत वाच," तो म्हणाला. तिने परत सांगितलं, तेच शब्द. त्याने अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला, आणि धोतराला पुसला.

स्टँडवर बस यायला तासभर होता. तो बाकाच्या एका टोकाला बसला, ती दुसऱ्या. जबाबाची प्रत त्याने स्वतःजवळ घेतली होती. याआधी सगळे कागद तो तिच्याकडे द्यायचा, न बघता. बऱ्याच वेळाने तो उठला आणि पलीकडे पेपर वाचत बसलेल्या एका माणसाकडे गेला, शिक्षक असावा, खिशाला दोन पेनं होती. आबाने प्रत त्याच्यापुढे धरली. मोडक्या मराठीत म्हणाला, "साहेब, हे वाचून सांगा. काय लिवलंय." रिना हलली नाही. त्या माणसाने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, वर्गात वाचावं तसं, एकेक शब्द मोकळा करत. मध्येच त्याला कळलं आपण काय वाचतोय, त्याने एकदा बाकावरच्या मुलीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून पुढे वाचलं. आबा मान तिरकी करून ऐकत होता. चुलीशी बसलेलं पोर ऐकतं तसं, एकही शब्द न सोडता.

"नग किती लिवलेत?" त्याने विचारलं.

"पाच."

"आणि माझं? चोर वाटलो ते?"

तो माणूस अवघडला. "तेही लिहिलंय, काका. समज झाला, असं आहे."

"समज म्हणजे?"

"म्हणजे... वाटलं."

आबाने कागदाची घडी घातली, सावकाश, अंगठ्याचा ठसा आत येईल अशी, आणि बंडीच्या खिशात ठेवली. मग तो परत आला आणि बाकावर बसला. पूर्वीच्या जागी नाही, थोडा अलीकडे.

"तू सांगितलंस तेच लिहिलंय," तो म्हणाला.